भैरवीनंतरची शेळी

भालकीत कुठलाही समारंभ कधी संपला हे ठरवायचा अधिकार अध्यक्षांना नव्हता. तो नलिनीबाईंना होता. गणेशोत्सव असो, ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो, मुलींच्या शाळेचं गॅदरिंग असो, शेवटी नलिनीबाई पेटीवर बसायच्या, भैरवीचा पहिला स्वर लावायच्या आणि मंडळी उठायला लागायची. पुरुष पायांनी चपला चाचपायचे, बायका पदर सावरून पोरं शोधायच्या, शाळेची आया अनसाबाई सतरंजीचं एक टोक गुंडाळायला घ्यायची आणि कोपऱ्यात चहावाला स्टोव्हला पंप मारायचा. बाकीच्या गावांत लोक भैरवी संपेपर्यंत बसतात म्हणे. भालकीकरांना तेवढा दम कुठला.

भैरवीनंतर काहीही नाही, हा बाईंचा नियम. गाणं नाही, भाषण नाही, सूचना नाही, हरवलेल्या पोराचं नावसुद्धा माईकवरून पुकारायचं नाही. एका गॅदरिंगला एक पुढारी पाहुणे उशिरा उगवले. भैरवी नुकतीच संपली होती. पाहुण्यांनी खिशातून भाषणाचे कागद काढले, माईक हातात घेतला, तोच नलिनीबाई पुढे झाल्या आणि तो त्यांच्या हातातून काढून घेत म्हणाल्या, "भैरवी झालीय." पुढाऱ्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. भाषण खिशात परत गेलं. त्या दिवसापासून हा नियम एकट्या बाईंचा राहिला नाही, तो गावाचा झाला.

बाई मूळच्या उदगीरच्या. छप्पन साली म्हैसूर राज्य झालं आणि उदगीर तिकडे मुंबई राज्यात, भालकी इकडे म्हैसुरात अशी वाटणी झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी तहसील कचेरीतल्या बंडोपंतांशी त्यांचं लग्न झालं. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात, आणि मधे एक धुळीने भरलेली बस. त्या बसमधून बाई मांडीवर पेटी घेऊन आल्या. कंडक्टरने पेटीला अर्धं तिकीट मागितलं तेव्हा नव्या नवरीने डोक्यावरचा पदर मागे सारून त्याला असं काही सुनावलं, की शेजारी बसलेले बंडोपंत पार उदगीरचा डोंगर मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस स्वभावाने गरीब. आपलं पुढचं आयुष्य कसं जाणार हे त्यांना त्याच दिवशी कळलं असावं.

सासूबाई जानकीबाईंना आधी गाणारी सून नकोच होती. पण वर्षभरात त्यांना तिचा उपयोग कळला. दुपारी आलेले पाहुणे दिवेलागणीपर्यंत हलेनात, की जानकीबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणायच्या, "नलू, घे." नलिनीबाई भांडी घासता घासता भैरवी गुणगुणायला लागायच्या आणि बाहेर पाहुण्यांना आपोआप आठवायचं, की आपल्याला बस गाठायची आहे. हे बाण कधीकधी घरच्यांनाही लागायचे. बंडोपंत एकदा अर्ध्या जेवणावरून उठले, कारण आत बाई सहज काही तरी म्हणत होत्या. हात धुतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की अजून भात व्हायचा आहे.

पासष्ट साली मुलींच्या शाळेत संगीताच्या शिक्षिका म्हणून बाई लागल्या. शाळेने त्यांना ग्रंथालयाशेजारची एक छोटी खोली दिली. बाकी शाळेला वर पत्रे आणि खिडक्यांना नुसत्या जाळ्या, पण या खोलीला वर स्लॅब आणि खिडक्यांना काचा. सगळी शाळा तिला पेटीची खोली म्हणायची. या खोलीत बाईंनी वीस-बावीस वर्षं भालकीच्या पोरींना सा लावायला शिकवलं. त्यांतल्या बहुतेकींना तो शेवटपर्यंत लागला नाही, पण आपला लागत नाही हे कळण्याइतका कान मात्र झाला. बाई म्हणायच्या, एवढं पुष्कळ आहे. बाईंना स्वतःचं मूल नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत, पण सुट्टीच्या दिवशीही पेटीच्या खोलीची किल्ली कमरेला असायची.

आणि सत्याऐंशी साली शाळेत कॉम्प्युटर आला.

सरकारच्या कुठल्या तरी योजनेतून आला होता. एक टाइपरायटरसारखी पेटी, एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. गणिताचे मास्तर व्यंकट यांना त्याचं शिक्षण घ्यायला गुलबर्ग्याला पाठवलं होतं, ते डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन परत आले. हेडमास्तर गुंडेराव यांनी कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी त्यावर उडालं म्हणून अनसाबाईवर ओरडले. मग त्यांनी नलिनीबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, कॉम्प्युटरला धूळ चालत न्हाई," हेडमास्तर म्हणाले.

"मला चालते व्हय?"

"तसं न्हाई म्हणलो मी. पण सगळ्या शाळेत बिनधुळीची खोली एकच हाय."

बाईंनी कमरेची किल्ली मुठीत धरली. "आणि संगीताचा तास?"

"संगीताचा तास आता कॉम्प्युटरला द्यावा लागतोय. तुम्ही शिवण घ्या. पोरींना शिवण लई कामाला येतं."

नलिनीबाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता. बंडोपंतांच्या सदऱ्याची बटणं बंडोपंतच लावायचे. पण बाईंना शिवणाचं दुःख नव्हतं. आपण त्या खोलीत नाही आणि तिथे एक मुका टीव्ही बसलाय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या दिवशी घरी जाऊन त्या इतका वेळ गप्प बसल्या, की बंडोपंतांनी घाबरून शेजारच्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

मार्ग निघाला तो व्यंकट मास्तरांच्या अडचणीतून. महिनाअखेरीला गुलबर्ग्याहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब कॉम्प्युटर बघायला येणार होते. त्यांना दाखवायला व्यंकटनी एक गेम बनवला होता. पडद्यावर आडवा रस्ता, रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या, आणि खाली एक शेळी. बटणं दाबत शेळीला पलीकडे न्यायचं. गाडीखाली आली की मेली. गाड्या म्हणजे चौकटी होत्या आणि शेळी म्हणजे एक फुली, पण व्यंकटना त्यात शेळी दिसायची आणि ते तिच्यावर जीव लावून बसले होते. अनसाबाईचं घराणं मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्यांचं. तिने फुली बघून विचारलं, "मास्तर, हिला शिंगं कुठायत?" आणि लगोलग शेळीचं नाव गंगी ठेवून टाकलं.

गेममध्ये आवाज होता, पण लाईट कमी-जास्त होऊन कॉम्प्युटरच्या आत काही तरी जळलं आणि तो कायमचा मुका झाला. गंगी मुक्यानेच मरायला लागली. व्यंकट पेटीच्या खोलीच्या दाराशी आले.

"बाई, गेमला मागून संगीत लागतंय. बाहेरच्या देशात सगळ्या गेमला असतंय म्हणे. तुम्ही वाजवताव का?"

बाईंनी त्यांना तसंच हेडमास्तरांकडे नेलं आणि टेबलावर हात आपटून करार केला. गेमला संगीत बाई देणार. साहेबांना ते पसंत पडलं, तर संगीताचा तास राहणार आणि खोली दोघांची, पेटीची आणि कॉम्प्युटरची. नाही पडलं, तर पुढल्या सोमवारपासून शिवण. गुंडेराव कबूल झाले. साहेबांना काहीच पसंत पडत नसतं, हा त्यांचा अनुभव होता.

आता साहेब यायचे होते दुपारी तीन वाजता. म्हणजे राग भीमपलास, यात बाईंच्या मते चर्चेला जागाच नव्हती. शेळीला भीमपलास कशाला, असं व्यंकट म्हणाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "शेळी दुपारचीच जाते न्हाई का रस्त्यावरनं? मग?" पहिल्या दिवशी त्यांनी पेटी पुढे ओढली, डोळे मिटले आणि सावकाश आलाप सुरू केला. षड्जावरून त्या अजून मध्यमापर्यंत पोचायच्या होत्या, तोवर गंगी अकरा वेळा मेली.

"बाई, शेळी मिनिटात मरायलीय. तुमचं अजून सुरूच झालं न्हाई."

"मग तिला दम धर म्हणावं."

"ती दम धरत न्हाई बाई, तशी लिहिली न्हाई मी तिला."

शेवटी बाईंनी माघार घेतली आणि भीमपलासात एक तराणा बांधला. दिर दिर तनन करत चालणारा, ठेक्यात नेमका. आणि मग एक गंमत झाली. पोरी त्या ठेक्यावर बटणं दाबायला लागल्या, आणि ठेक्यावर दाबलं की गंगी वाचायला लागली. समेवर टाळी पडायची तेव्हा शेळी नेमकी पलीकडच्या कडेला. ज्या पोरींना वर्षानुवर्षं सम कळली नव्हती, त्यांना ती शेळीच्या जिवाच्या भीतीने आठ दिवसांत कळली. नलिनीबाई घरी जाऊन बंडोपंतांना म्हणाल्या, "अहो, यंत्र वाईट न्हाई तसं." बंडोपंतांनी दुसऱ्यांदा डॉक्टरांना बोलवावं का असा विचार केला.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी नवीन खुसपट काढलं. व्हरांड्यात कॉम्प्युटरशेजारी पेटी घेऊन बाई बसल्या, तर ते कीर्तनासारखं दिसेल. पेटी दिसता कामा नये, बाईही दिसता कामा नयेत, संगीत टेपमधून यावं. बाईंचा राग नाकावर होताच, पण खोलीसाठी त्यांनी तो गिळला.

अडचण अशी की शाळेत टेपरेकॉर्डर एकच आणि चांगली कॅसेटही एकच. त्या काळच्या कॉम्प्युटरला काही आठवत नसे. लाईट गेली की तो गेम विसरायचा आणि मग कॅसेटवरून तो त्याला पुन्हा पाजावा लागायचा. चार-पाच मिनिटं टेपमधून कर्कश किर्रर्र आवाज यायचा आणि मग पडद्यावर रस्ता उगवायचा. बाईंनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या कान देऊन म्हणाल्या, "काळी दोनच्या पट्टीत हाय, पण बेसूर." तर या कॅसेटच्या एका बाजूला गेम होता. दुसऱ्या बाजूला बाईंनी खिडक्या लावून, कावळे हाकलून, तराणा भरला. तो संपला तरी कॅसेट बरीच उरली होती, तेव्हा तोच तराणा त्यांनी फिरवून फिरवून गायला. आणि शेवटी थोडी फीत उरली तेव्हा सवयीने भैरवी गायल्या.

"ही कशाला बाई?" व्यंकट म्हणाले.

"कशाला म्हणजे? टेप झाली म्हणून काय झालं, संपवायला नको का?"

व्यंकटना गाण्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि कॅसेट खिशात टाकली. कॅसेट ही अशी चीज आहे, की एका बाजूची सुरुवात म्हणजेच दुसऱ्या बाजूचा शेवट असतो. हे गणिताच्या मास्तरांना सुचायला हरकत नव्हती.

साहेब आले. तीनला येणारे साडेतीनला आले, म्हणजे भीमपलास अजून शाबूत होता. बाईंनी देवाचे आभार मानले. शाळेच्या अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या आणि कॉम्प्युटर म्हणजे काय ते बघायला अर्धी भालकी लोटली होती. व्हरांड्यात टेबलावर टीव्ही, त्याच्यापुढे व्यंकट, टेपच्या तोंडाशी माईक. बाई सांगितल्याप्रमाणे मागे, शिक्षिकांच्या रांगेत, हाताची घडी घालून. स्वागतगीत झालं, हार झाले, आणि हेडमास्तर म्हणाले, "आता आपण सगळे विज्ञानयुगात प्रवेश करत आहोत," तेवढ्यात लाईट गेली.

दहा मिनिटांनी लाईट आली तेव्हा कॉम्प्युटर गेम विसरला होता. व्यंकटनी कॅसेट गेमच्या बाजूने लावली, पार सुरुवातीपासून. माईक तिथेच होता. किर्रर्र, कीं, घर्रर्र असा आवाज दोन्ही भोंग्यांतून गावभर जायला लागला. साहेब कानडी मुलखातले, सभ्य आणि संगीताची आवड असणारे गृहस्थ. हेच ते संगीत, असं समजून त्यांनी मान डोलवायला सुरुवात केली. एकदा तर "वाहवा" म्हणाले. मागे नलिनीबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. खोली गेली, शिवण आलं, असं त्यांना वाटलं.

पण किरकिर थांबली, पडद्यावर रस्ता आला, गाड्या धावायला लागल्या, खाली गंगी उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या पोरी ओरडल्या, "आली, आली!" बाईंनी डोळे उघडले. व्यंकटनी घाईघाईत कॅसेट काढली, उलटी केली, टेपमध्ये बसवली आणि बटण दाबलं.

भोंग्यातून भैरवी आली.

अगदी स्वच्छ, सुरेल, खुद्द नलिनीबाईंच्या आवाजातली भैरवी. आणि मग जे व्हायचं तेच झालं. सगळं अंगण उठलं. पुरुषांचे पाय चपला शोधायला लागले. बायकांनी पदर सावरले. अनसाबाईने सतरंजीचं टोक धरून गुंडाळायला घेतलं, तिच्यावर अजून कोण कोण उभं होतं तरी. चहावाल्याने स्टोव्हला पंप मारला. हेडमास्तर गुंडेरावांच्या तोंडून त्यांच्याही नकळत आभारप्रदर्शन सुरू झालं, "आज आपल्यात मान्यवर आले, त्यांनी आपला अमूल्य वेळ..." साहेबांना काय चाललंय ते कळलं नाही, पण सगळे उठले म्हणून तेही उठले, त्यांनी हात जोडले, आणि शाळेचे दोन मास्तर त्यांना आदराने जीपकडे घेऊन निघाले. ड्रायव्हरने जीप सुरूसुद्धा केली.

सगळ्यात मोठी गंमत अशी, की स्वतः नलिनीबाईही उठल्या होत्या. त्यांचा एक पाय चपलेत गेला होता आणि दुसऱ्या पायाने त्या दुसरी चप्पल चाचपत होत्या, तेव्हा त्यांचं लक्ष व्हरांड्याकडे गेलं. तिथे व्यंकट मास्तर एकटे बसले होते. पडद्यावर गाड्या धावत होत्या आणि गंगी रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती. तिला कुणी पाहिलंच नव्हतं.

गेम झाला नाही, तराणा झाला नाही, साहेब जीपमध्ये चढायलेत. गेले की गेले. सोमवारी त्या खोलीला दुसरं कुलूप लागणार आणि आपल्या हातात सुई येणार. अजून ओरडून सांगता आलं असतं, की थांबा, चूक झाली. पण ओरडलेलं ऐकून भालकीचं माणूस कधी थांबलेलं नाही. त्यांना थांबवायचं एकच साधन बाईंकडे होतं आणि ते वापरायचं नाही, हा त्यांचाच नियम. पुढाऱ्याच्या हातातला माईक ज्या नियमासाठी काढून घेतला तो. आज तो मोडला, तर उद्यापासून या गावात आपली काय पत राहील, असं त्यांच्या मनात आलं. फार वाईट वाटलं त्यांना. मग त्यांनी पायातली चप्पल भिरकावली, व्हरांड्यात जाऊन बटण दाबून टेप थांबवली, माईक उचलला आणि भैरवीच्या डोक्यावर भीमपलास गायला सुरुवात केली.

दिर दिर तनन, दिर दिर तनन.

अंगण जागच्या जागी थिजलं. बाई भैरवीनंतर गायल्यात! असं कधी झालं नव्हतं. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं कुणी तरी मोठं माणूस वारलं. "बाईंना काय तरी झालंय गं," म्हणून अनसाबाईने सतरंजी सोडली आणि धावत सुटली. बंडोपंत फाटकापर्यंत पोचले होते, ते दोन्ही चपला हातात घेऊन माघारी पळत आले. सगळी भालकी घाबरून परत अंगणात आली आणि काय भानगड आहे ती बघायला खाली बसली. साहेबांचा एक पाय जीपमध्ये होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"येनातु? काय झालं बाई?" साहेब व्हरांड्याशी येऊन विचारू लागले.

बाईंनी गाणं थांबवलं नाही. मानेनेच त्यांना खुर्ची दाखवली आणि दुसऱ्या हाताने व्यंकटना उठवून साहेबांना बटणांपुढे बसवलं. साहेबांनी बटण दाबलं. गंगी मेली. पोरी ओरडल्या, "मेली!" साहेबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा मेली. मागच्या रांगांना काही दिसत नव्हतं, पण पुढून बातमी यायची तसे लोक हळहळायचे. साहेबांचं तोंड लाल झालं. तेव्हा नलिनीबाईंनी लय थोडी खाली आणली, आणि साहेबांच्या खांद्यापाशी बोटांनी ठेका धरला. साहेबांना गाण्याची आवड होतीच, त्यांचं बोट आपसूक ठेक्यावर पडायला लागलं. एक गाडी गेली. दुसरी गेली. बाईंनी तिहाई घेतली, आणि नेमक्या समेवर गंगी पलीकडे पोचली.

असा कल्ला भालकीत त्यापूर्वी झाला नसेल. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. मग पुन्हा बसले आणि म्हणाले, "अजून एकदा." असं त्यांनी बऱ्याच वेळा म्हटलं. जीपच्या ड्रायव्हरने जीप बंद केली आणि तोही सतरंजीवर येऊन बसला.

अखेर साहेबांना घड्याळ दिसलं. हेडमास्तरांनी दुसऱ्यांदा आभार मानले आणि म्हणाले, "कार्यक्रम संपला."

कुणी उठलं नाही.

"संपला म्हणलो मी," हेडमास्तर म्हणाले.

"भैरवी कुठं झाली?" मागून कुणी तरी विचारलं.

"मघाशी झाली की!"

"ती मघाची. तिच्यावर बाई गायल्या, म्हणजे ती गेली. आता दुसरी पाहिजे."

"दोन भैरव्या चालत न्हाईत," दुसरा म्हणाला.

"मग संपायचं कसं?"

यावर अंगणात गटागटाने वाद सुरू झाला. ग्रंथालयाच्या चिटणीसांचं मत एक, साखर कारखान्यातल्या कारकुनांचं दुसरं. पण वाद घालताना उठून उभं राहायला कुणी तयार नव्हतं. बायका पोरांना मांडीवर घेऊन बसून होत्या. ऊन उतरलं. चहा उकळून उकळून काढा झाला. साहेबांना पुढे बीदरला जायचं होतं, पण सगळं गाव बसलेलं असताना आपण एकट्याने कसं उठावं, या सभ्यपणापायी ते खुर्चीला चिकटून होते. शेवटी ते काकुळतीने म्हणाले, "बाई, तुम्ही संपवा की हो."

नलिनीबाई माईकपाशी उभ्या होत्या. नियम मोडल्यावर लोक आपल्याला हसतील, ही धास्ती घेऊन त्या इतका वेळ उभ्या होत्या. पण समोर बघतात तर सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"संपवते," त्या माईकमधून म्हणाल्या. "पण आधी माझ्या खोलीचं सांगा."

"कुठली खोली?" साहेब म्हणाले.

हेडमास्तर पुन्हा आपल्या बुटांकडे बघायला लागले. साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं, धूळ, शिवण, सोमवार, सगळं, माईकवरूनच, त्यामुळे ते भालकीलाही कळलं. सुईत दोरा ओवता येत नाही हेही त्यांनी सांगून टाकलं. बंडोपंतांनी मान खाली घातली.

साहेब हेडमास्तरांकडे वळले. "कामून हो गुंडेराव? बाई न्हाई तर ते शेळी मरतंय की. बाईंची खोली बाईंकडंच राहू द्या. कॉम्प्युटर एका कोपऱ्यात ठेवा, बाईंना विचारून."

"व्हय साहेब."

"माईकमध्ये सांगा," नलिनीबाई म्हणाल्या.

गुंडेरावांनी माईकमध्ये सांगितलं. अंगण टाळ्यांनी दणाणलं, पण टाळ्या संपल्या तरी कुणी जागचं हललं नाही. आता बाई काय गाणार, याची सगळे वाट बघत होते. बाईंनी घसा खाकरला. काय गावं, त्यांना सुचेना. गेली वीस-बावीस वर्षं गाव भैरवीला उठतं अशीच त्यांची समजूत होती, आणि त्या भैरवीची तर आज त्यांनीच वाट लावली होती. त्यांनी माईक तोंडाशी नेला आणि साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाल्या, "झालं. उठा आता."

आणि सगळं गाव उठलं. पुरुषांनी चपला चाचपल्या, बायकांनी पदर सावरले, अनसाबाईने सतरंजीचं टोक धरलं, साहेबांनी हात जोडले. नलिनीबाईंना एकदम रडू आलं आणि त्याच्या मागोमाग हसूही, आणि माईक हातात तसाच धरून त्या अंगण रिकामं होताना बघत राहिल्या.